पडद्यावरची घरे आणि आपली घरे

“कार्टून बघून पोरे बिघडली” ही तक्रार आजकाल घरोघरी ऐकू येते. पेडण्यात येते, डिचोलीत येते, आणि चोर्ला घाट चढून आम्ही गोव्याची मुले बेळगावला शिकायला आलो तर येथेही ती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत कानांवर पडते. तक्रारीचे दोन भाग आहेत. मुले उलट उत्तरे देऊ लागली, हा पहिला. आणि कार्टूनमधली विचित्र कुटुंबे पाहून ‘घर’ या गोष्टीविषयी त्यांची समजूत बिघडते, हा दुसरा. पहिल्या भागात काही तथ्य आहे. दुसरा भाग मला अजिबात मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम धाकाविषयी. ‘डोरेमॉन’ ही जपानी मालिका २००५ पासून आपल्याकडे हिंदीतून दिसू लागली. ‘शिनचॅन’ तिच्या पाठोपाठ, २००६ मध्ये आली. शिनचॅनच्या वात्रटपणाविरुद्ध पालकांनी इतकी ओरड केली की २००८ मध्ये सरकारी आक्षेपानंतर ती बंद झाली आणि पुढच्या वर्षी काटछाट होऊन परतली. या दोन्ही मालिकांतल्या आया कडक आहेत. नोबिताची आई अभ्यासावरून आणि कमी गुणांवरून सदैव रागावते. शिनचॅनची आई तर डोक्यात ठोसा मारते. टेंगूळ येते आणि पुढच्या दृश्यात ते नाहीसेही होते! खऱ्या मुलाचे टेंगूळ असे नाहीसे होत नाही, आणि मनाला लागलेले तर त्याहून नाही. या मालिकांचा खरा दोष मला येथे दिसतो. आईचा राग दिसतो, पण त्या रागामागचा तिचा थकवा आणि तिची काळजी क्वचितच दिसते. धाक हा केवळ हसण्याचा विषय होतो. मुलगा हसतो आणि पलीकडच्या खोलीतून स्वतःच्या आईची हाक आली की तीही त्याला तशीच विनोदी वाटते.

आता कुटुंबाविषयी. २००८ पासून पोगो वाहिनीवर आलेला ‘छोटा भीम’ आठवा. ढोलकपूरचा हा लाडका वीर आईबरोबर राहतो. बाप सहसा दिसतच नाही. चुटकीची आई, टुनटुन मौसी, लाडवांचे दुकान चालवते. ‘मोटू-पतलू’ हे दोन मित्र एकत्र बिऱ्हाड करून राहतात. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या मोगलीला लांडग्यांनी वाढवले. खुद्द डोरेमॉन हा यंत्राचा बोका, नोबिताच्या कपाटात झोपतो, पण जेवायला घरच्यांच्या पंगतीला असतो. यांतले एकही घर ‘आई, बाबा आणि दोन मुले’ या चौकटीत बसत नाही. तरीही ढोलकपुरात भीमाला कोणी खोचकपणे विचारत नाही, “तुझा बाप रे कुठे?” तो शूर आहे, मित्रांना धावून जातो, एवढे गावाला पुरते.

हे सारे परदेशातून आले आणि आपल्या संस्कृतीवर घाला पडला, असे म्हणणाऱ्यांनी पेडण्याच्या एखाद्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहावा. कर्णाला वाढवले राधेने आणि अधिरथाने. कृष्ण यशोदेच्या घरी वाढला. त्या पोटच्या नसलेल्या मुलाला खोडीबद्दल तिने उखळाला बांधले, म्हणून तो दामोदर झाला. लव-कुश आश्रमात एकट्या आईजवळ वाढले. आपले आजोबा-पणजोबा ही घरे पाहत मांडवात पहाटेपर्यंत बसले, आणि त्यांची संस्कृती काही बुडाली नाही.

आणि आपल्या दोन तालुक्यांतली आजची घरे कशी आहेत? कोणाचे बाबा बोटीवर आहेत, कोणाचे आखातात. त्या घरांत कारभार आईचा आणि धाक आजीचा. डिचोलीत २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा पडल्या. दारात ट्रक उभे राहिले आणि कित्येक घरांत बायकांना कामासाठी बाहेर पडावे लागले. आई कारखान्यात पाळीवर आणि बाबा चुलीपाशी, हे दृश्य कोणत्याही कार्टूनने आणले नाही. काही घरांत आई एकटीच आहे. वैधव्यामुळे, नवऱ्याने टाकल्यामुळे, किंवा तिने स्वतः तसे ठरवल्यामुळे. माझ्या ओळखीच्या अशाच एका मुलीला एका शाळेत सर्वांसमोर विचारले गेले, “वडिलांची सही का नाही?” ती मुलगी पुढे आठवडाभर शाळेत गेली नाही. तिला दुखावले ते कार्टूनने नव्हे, मोठ्या माणसांनी.

गोव्याने तर याबाबतीत अधिक शहाणे असायला हवे. पेडणे तालुक्यातल्या मालपे गावी १८८३ मध्ये कलावंत घराण्यात जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर यांची आजी गुजाबाई आणि आई नबूबाई, दोघीही नावाजलेल्या गायिका. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी पतीच्या निधनानंतर मुलांना एकटीने वाढवले. त्यांची शिस्त इतकी कडक की शिकवताना स्थायी आणि अंतरा दोनदाच गात, तिसऱ्यांदा नाही. किशोरी आमोणकर यांनीच पुढे हे सांगितले, आणि त्यामुळे आपल्याला एकाग्रता आली हेही सांगितले. हा धाक शिनचॅनच्या आईच्या ठोशासारखा नव्हता. त्याला हेतू होता आणि तो मुलीला कळला. अशा गायिकांच्या तसबिरी आपण सभागृहात अभिमानाने लावतो. मग आईच्या नावाने चालणाऱ्या शेजारच्या घराविषयी कुजबुज का करतो?

कायदा आपल्यापुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अविवाहित मातेला, वडिलांचे नाव उघड न करता, मुलाचे पालकत्व मिळू शकते असा निर्णय दिला. शेजारच्या महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे आवश्यक केले आहे. कागदावरचे रकाने बदलू लागले. आता आपल्या जिभेनेही बदलायला हवे.

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील, आणि पालक तर बहुतेक सर्वच होतील. म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दूरदर्शन संच बंद करण्यापेक्षा अर्धा तास मुलाशेजारी बसावे आणि त्याला विचारावे, “ही आई का बरे रागावली असेल?” त्या एका प्रश्नाने मालिकेतली उणीव भरून निघते. दुसरे असे की आपली मराठी मुले कार्टून बहुधा हिंदीतूनच पाहतात. कन्नड मुलांसाठी २००९ मध्ये चिंटू टीव्ही ही स्वतंत्र वाहिनी निघाली, हे आपल्या कन्नड विभागातले मित्र सांगतीलच. ज्यांना चित्रकलेची आणि संगणकाची आवड आहे त्यांनी आपल्या भाषेतली पाच मिनिटांची चित्रफीत काढायला काय हरकत आहे? तिच्यात आखातातून येणारा बाबांचा फोन असावा, पाळीवरून परतलेली आई असावी, आणि रागावून पुन्हा पेज वाढणारी आजी असावी. पेडण्याच्या मुलाला पडद्यावर आपले घर दिसेल, आणि ते उणे नाही हेही त्याला कळेल.