पानी, पाणी आणि बाईचा जबाब

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधी दुकानांवरच्या मराठी पाट्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला होता. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून रान पेटले आणि जूनअखेर सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. लहान मुलांवर भाषेचे ओझे लादू नये, हे आपल्या गटांचेही म्हणणे आहे. पण या सगळ्या गदारोळात मराठी म्हणजे कुणाची मराठी, हा प्रश्न क्वचितच ऐकू आला. आमच्या वस्तीतल्या बायका मराठीच बोलतात. ती ज्या ज्या दारात जाते तिथे तिला आधी हसतात, मग तपासतात, मग दुरुस्त करतात.

शाळेपासूनच बघू. किशोरी गटात सातवीतली एक मुलगी सांगत होती, की ती आता वर्गात उभे राहून वाचत नाही. कारण काय, तर ती 'पानी' म्हणते, 'लोनी' म्हणते. बाई थांबवतात, "पाणी म्हण," आणि वर्ग हसतो. बाई वाईट नाहीत, त्यांनाही असेच शिकवले गेले. पण ज्या बोलीत 'ण' नाही, त्या बोलीत तो नाही, इतकेच. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही म्हणून हिंदीला कुणी गावंढळ म्हणत नाही. आपण मात्र शुद्ध आणि अशुद्ध असे शब्द वापरतो. हे शब्द कुठल्या विटाळाच्या कोठारातून आले, ते आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको.

त्यातली गंमत अशी, की त्याच मुलीला त्याच वर्गात बहिणाबाईंची कविता शिकवली जाते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता खानदेशातल्या लेवा बोलीत आहे, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. कवितेच्या तासाला बोली गोड, आणि व्याकरणाच्या तासाला तीच बोली चूक! कोल्हापूरकडच्या मुली सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. त्या पुण्याला शिकायला आल्या की वसतिगृहात त्यांच्या नकला होतात. बाईने पुरुषाचे क्रियापद वापरले म्हणून आभाळ कोसळल्याचे कोल्हापुरात तरी ऐकिवात नाही. आणि मेळघाटातल्या कोरकू मुलीचे काय? कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे. तिला पहिल्या दिवशी शाळेत ऐकू येणारी मराठी ही परभाषा असते.

प्रमाण भाषा शिकवू नका, असे मी म्हणत नाही. तिच्याशिवाय परीक्षा नाही, नोकरी नाही, साधा अर्जसुद्धा नाही. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. लिहिण्याची भाषा हाती आली म्हणून ती चौदा वर्षांची मुलगी पेशव्यांच्या राज्याचा जाब विचारू शकली. ती भाषा आमच्याही मुलींना हवीच आहे. मात्र ती घेताना घरची भाषा उंबऱ्याबाहेर सोडून ये, ही अट कशासाठी?

सिनेमाने ही अट वर्षानुवर्षे पाळली. शिकलेला नायक प्रमाण बोलणार, सोज्वळ नायिका प्रमाण बोलणार. गावठी बोलणार ती मोलकरीण, भांडखोर शेजारीण किंवा तमाशातली बाई. १९७२ च्या 'पिंजरा'त मास्तरांची भाषा आणि चंद्रकलेची भाषा शेजारी ठेवून ऐका. कोण नीतिमान आणि कोण मोहात पाडणारी, हे गोष्ट कळायच्या आधी कानाला कळते. हिंदी सिनेमातली मराठी 'बाई' तर भांडी घासता घासता हसवण्यापुरतीच येते. २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि करमाळ्याकडच्या बोलीत बोलणारी मुलगी नायिका झाली. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि तिच्या बोलण्याला पडद्यावर कुणी हसत नाही. आमच्या गटातल्या मुलींनी तो सिनेमा इतक्यांदा का पाहिला, याचे एक उत्तर इथे आहे. शेवटी तिचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. बोली मोकळी झाली म्हणून जात थोडीच मोकळी होते.

बचत गटातल्या बायकांचा आवडता सिनेमा मात्र दुसराच, २०१२ चा 'इंग्लिश विंग्लिश'. लाडू करून विकणारी शशी गोडबोले. इंग्रजी येत नाही म्हणून नवरा हसतो, पोटची मुलगी लाजते. आमच्या पापड-मसाला करणाऱ्या बायका हे बघताना डोळे पुसतात, कारण घराघरांत हेच चालते. मलाही तो सिनेमा आवडतो. तरी एक गोष्ट खुपते. शशीला मान मिळवायला चार आठवड्यांचा वर्ग होता आणि तो परदेशात होता. जी बाई मराठीतच हसली जाते, तिने कुठल्या वर्गाला जायचे? शिवाय लाडवांचा हिशेब, गिऱ्हाइकांची नड ओळखणे, वेळेवर माल पोचवणे, ही सगळी हुशारी तिच्याकडे आधीपासून होतीच. घरात ती कुणाला दिसत नव्हती.

बाजारात जाऊ. भाजीवाल्या पुरुषाला आपण म्हणतो, "भाऊ, मेथी कशी दिली?" शेजारी बसलेल्या साठीच्या भाजीवालीला म्हणतो, "कशी गं दिलीस मेथी?" तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेली शिकलेली बाईसुद्धा तिला अरे-तुरे करते, घासाघीसही तिच्याशीच जास्त. तिचे माप दोनदा बघते. आणि ती आपल्याला काय म्हणते? ताई, वहिनी, मॅडम. कोळणीशी बोलताना मात्र जरा जपून, कारण ती सव्याज परत करते. मग आपणच म्हणतो, तोंडाळ आहे. मुंबईच्या कुठल्याही मासळी बाजारात तासभर उभे राहा. तीच बाई घाऊक व्यापाऱ्याशी एक भाषा बोलते, गुजराती गिऱ्हाइकाशी दुसरी, पोलिसाशी तिसरी आणि शेजारणीशी आपली कोळी. या बाईला आपण 'भाषा नसलेली' म्हणायचे? २०१४ च्या कायद्याने ती पथविक्रेता झाली. घरकाम करणारी २००८ च्या कायद्याने मोलकरणीची घरेलू कामगार झाली. कामगार म्हटले की रजा, वेतन, मंडळ हे शब्द मागोमाग येतात. मोलकरीण म्हटले की जुनी साडी आणि उरलेली भाजी येते. म्हणून नावाचे भांडण क्षुल्लक नसते. २०२३ मध्ये विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा प्रस्ताव मंत्र्यांकडून पुढे आला तेव्हा आपण इतक्या चिडलो, त्याचेही कारण तेच.

पण मला खरे सांगायचे आहे ते पोलीस चौकीचे. शाळेत हसले तर मुलगी गप्प बसते, चौकीत तिचे बोलणे बदलले तर खटलाच जातो. सल्ला केंद्रातल्या कामात हे वारंवार दिसते. बाई सांगते, "त्यानं लई कुटलं मला. पोटात लाथ घातली. म्हनला, भायेर बोललीस तर जाळीन." कागदावर येते, 'माझे पती यांनी घरगुती कारणावरून मला शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली.' वाक्य शुद्ध आहे. पण त्यात पोट नाही, लाथ नाही, जाळण्याची धमकी नाही. बाई चार महिन्यांची गरोदर होती, तेही नाही. पुढे कोर्टात ती हेच सांगते तेव्हा समोरचा वकील उठतो: हे तुम्ही पोलिसांना सांगितले नव्हते, आता वाढवून सांगता आहात. तिची भाषा आधी सुधारली, आणि मग तीच खोटी ठरली!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये जुन्याच तरतुदी कायम आहेत. दखलपात्र गुन्ह्याची तोंडी माहिती लिहून घ्यायची, ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. लैंगिक गुन्ह्यांत स्त्री अधिकाऱ्यानेच ती नोंदवायची. 'वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' हे वाक्य जबाबाच्या शेवटी असतेच. पण प्रत्यक्षात वाचून दाखवतात किती वेळा?

बाईसोबत चौकीत जाणाऱ्या कार्यकर्तीने म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावा. धमकीचे आणि मारहाणीचे शब्द बाईच्याच तोंडचे, अवतरण चिन्हांत लिहायला लावावेत. 'कुटलं' असेल तर 'कुटलं'. जबाब मोठ्याने वाचायला लावावा आणि काही गाळले असेल तर सहीआधी भर घालून घ्यावी. प्रत घेतल्याशिवाय उठू नये. लिहिणारा हवालदार कुरकुरेल, म्हणेल, "हे काय लिहायचं मराठी आहे का?" आहे म्हणून सांगावे.

पुढच्या अंकात अशा नोंदींसाठी चार पाने ठेवली आहेत. तुमच्या भागात मारहाणीला, पाळीला, नवऱ्याने टाकण्याला बायका कोणते शब्द वापरतात, आणि सरकारी कागदावर त्यांचे काय होते, ते लिहून पाठवा. जसे ऐकाल तसेच लिहा, आम्ही 'पानी'चे 'पाणी' करणार नाही.