व्यावसायिक मापनयंत्रे घेणाऱ्या हौशी ग्राहकांची हमी व दुरुस्ती यांविषयी निवेदन

प्रति,
माननीय सचिव महोदय यांचे सेवेशी

सविनय निवेदन की,

घरातील एका कोपऱ्यात मेज मांडून, पदरच्या पैशाने ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, मल्टिमीटर आदी व्यावसायिक प्रतीची यंत्रे खरेदी करून केवळ हौसेने विद्युत्-विद्येचा व्यासंग करणारे आम्ही परवानाधारक रेडिओचालक, निवृत्त शिक्षक व विद्यार्थी याच विषयावर आपल्या कार्यालयाकडे यापूर्वी तीन अर्ज दाखल करून चुकलो आहोत. पहिला अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग केल्याचे कळविण्यात आले, परंतु ती शाखा कोणती हे आजतागायत कळले नाही. दुसऱ्या अर्जानंतर विक्रेते व ग्राहक यांची संयुक्त बैठक महिन्याच्या आत बोलाविण्याचे आश्वासन मिळाले, त्यास दोन पावसाळे लोटले. आणि तिसऱ्या वेळी परिपत्रकाचा मसुदा सिद्ध असून केवळ स्वाक्षरी व्हावयाची आहे, असे आमच्या प्रतिनिधींस समक्ष सांगण्यात आले. ती स्वाक्षरी अद्याप झालेली नाही, सबब हे चौथे निवेदन.

आमचे मुख्य गाऱ्हाणे असे की, यंत्र विकताना जो विक्रेता आम्हांस ग्राहक म्हणून खुर्ची देतो, तोच यंत्र बिघडल्यावर आम्हांस ओळख देत नाही. आमच्यातील एका निवृत्त विज्ञान-शिक्षकांनी भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून चार चॅनेलचा ऑसिलोस्कोप घेतला; पावतीवर तीन वर्षांची हमी छापलेली होती. चौदाव्या महिन्यात पडदा काळा पडला, तेव्हा यंत्र खोक्यात बांधून, एस. टी.ने मांडीवर धरून त्यांनी मुंबईच्या सेवाकेंद्रात नेले. तेथे प्रथम त्यांच्याकडे आस्थापनेच्या लेटरहेडवरील पत्र मागण्यात आले. ते नाही म्हणताच जीएसटी क्रमांक मागण्यात आला. तोही नाही असे दिसल्यावर, तीन वर्षांची हमी संस्थांकरिता असून व्यक्तींकरिता ती एकच वर्षाची आहे, असा तोंडी खुलासा करण्यात आला, आणि हा नियम कोठे छापला आहे असे विचारता कागद मुख्य कचेरीत आहे एवढेच उत्तर मिळाले. पुढे तपासणीचे शुल्क भरून घेऊन सात आठवड्यांनी जे अंदाजपत्रक आले, त्यात संपूर्ण मुख्य बोर्ड बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाऊण पट लिहिला होता. निदान सर्किट डायग्राम तरी द्यावा, ही विनंती व्यापारी गुपिताच्या सबबीवर फेटाळली गेली. अखेर यंत्र घरी आणून त्यांनी स्वतः उघडले, तो पॉवर सप्लायमधील एक कपॅसिटर फुगलेला आढळला. तसलाच लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळाला, तो डाग देऊन बसवला, आणि यंत्र त्याच संध्याकाळी सुरू झाले. हे कळताच सेवाकेंद्राने लिहून पाठविले की, सील तोडल्याकारणाने उर्वरित हमी रद्द झाली आहे. जी हमी मुळातच संपली होती असे सांगितले गेले, ती पुन्हा रद्द कशी झाली, हा प्रश्न आम्ही आपल्या कार्यालयास तिसऱ्या अर्जात विचारला होता आणि आज पुन्हा विचारीत आहोत.

वस्तू कोणत्या वर्गाची आहे यावरून नव्हे, तर ती कोणत्या प्रयोजनाने घेतली यावरून ग्राहक ठरतो, हे आपणांस आम्ही सांगावे असे नाही. या यंत्रांवर आम्ही काही कमावीत नाही. किमतीवरील 18 टक्के जीएसटी व्यापाऱ्यास वजावटीत परत मिळतो, आम्हांस तो पूर्ण सोसावा लागतो. आणि ज्याच्याकडून कर पुरता वसूल झाला त्याच्याकडेच दुरुस्तीच्या खिडकीवर जीएसटी क्रमांक मागितला जातो, ही गोष्ट अत्यंत क्लेशकारक आहे.

सर्किट डायग्रामविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. 1970 च्या दशकातील टेक्ट्रॉनिक्सचा 465 हा ऑसिलोस्कोप ज्यांनी उघडला आहे, त्यांना ठाऊक आहे की त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये संपूर्ण सर्किट, सुट्या भागांची यादी, ठिकठिकाणी अपेक्षित व्होल्टेज आणि तरंगांच्या आकृत्यासुद्धा छापलेल्या असत. त्यामुळेच ती यंत्रे आजही दुरुस्त होतात. उलट, काही जुन्या मापनयंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत साठविलेले असतात, आणि ती बॅटरी संपली की यंत्र धडधाकट असूनही त्याच्या मापनावर विसंबता येत नाही. ही बॅटरी केव्हा व कशी बदलावी एवढी माहितीही विकत घेणाऱ्यास दिली जात नसेल, तर त्याने काय करावे?

यास्तव आमची प्रथम व आग्रहाची मागणी अशी की, पावतीवर छापलेली हमी खरेदीदार व्यक्ती आहे या कारणास्तव कमी करण्यास वा लेटरहेड आणि जीएसटी क्रमांकाअभावी नाकारण्यास मनाई करणारे, मसुद्यात अडकलेले परिपत्रक तात्काळ निघावे. केवळ सील तुटले म्हणून हमी रद्द न होता, बिघाड यंत्र उघडल्यामुळेच झाला हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असावा. आणि सर्व्हिस मॅन्युअल व सुटे भाग वाजवी दराने व्यक्तीसही मिळावेत. केंद्र शासनाने जुलै 2022 मध्ये नेमलेल्या समितीने दुरुस्तीच्या हक्कासाठी शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारगाड्या ही क्षेत्रे निवडली, त्यांत मापनयंत्रे नाहीत. ती समाविष्ट व्हावीत अशी शिफारस धाडण्याचे आपल्या कार्यालयाने दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात लेखी मान्य केले होते, ते पाळले जावे. यंत्रासाठी विकत घेतलेले सॉफ्टवेअर-परवाने, मुख्य बोर्ड बदलावा लागल्यास, नव्या बोर्डावर विनामूल्य मिळावेत. यंत्र दुसऱ्यास विकल्यास उर्वरित हमी त्याच्याकडे जावी.

संयुक्त बैठकीची तारीख या वेळी लेखी कळवावी, तोंडी निरोपावर आमचा आता भरवसा राहिलेला नाही. बैठकीस ते शिक्षक आपले यंत्र घेऊन येतील. पूर्वीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्यांच्या नकला सोबत आहेत. तसेच तो फुगलेला कपॅसिटर व तुटलेले सील एका लखोट्यात जोडले आहे, ते पाहून झाल्यावर परत मिळावे.

कळावे,

आपले नम्र,
हौशी रेडिओचालक व विद्युत्-अभ्यासक यांच्या वतीने
निवेदनकर्ता