भिंतीवरची मापं

उत्तर इटलीतल्या गावांतून हिंडताना आमच्या घरात दोन पक्ष पडतात. यांना मान वर करून घुमट आणि मनोरे बघायचे असतात, मला मात्र खालच्या भिंती. याचं श्रेय माझ्या गुडघ्यांना! दोन गल्ल्या झाल्या की ते बसायला जागा मागतात, आणि बसलं की समोरची भिंत नीट दिसते.

मोदेनाच्या चौकात तसंच झालं. पियाझ्झा ग्रांदे त्याचं नाव. तिथलं कॅथीड्रल १०९९ साली बांधायला घेतलेलं. वास्तुकार लान्फ्रान्को, शिल्पकार विलिजेल्मो. शेजारी ८६ मीटर उंच गिर्लान्दिना मनोरा. १९९७ पासून हे सगळं जागतिक वारशाच्या यादीत आहे. हे अर्थातच मनोऱ्याकडे गेले. मी चौकात उरले. कॅथीड्रलच्या मागच्या गोलाकार भिंतीवर दगडात काही रेघा आणि आकृत्या कोरलेल्या दिसल्या. वाटलं, कुणा वात्रट पोरांचा उद्योग. जवळ गेले तर ती मापं! एक विटेचं, एक कौलाचं, एक लांबलचक काठीचं आणि एक ‘ब्राच्चो’. ब्राच्चो म्हणजे चक्क हात. आपल्याकडे नाही का, ‘चार हात कापड’ म्हणायचे?

भिंतीवर कोरायची गरज का पडली, तर त्या काळी प्रत्येक शहराचं माप वेगळं. मोदेनाहून बोलोन्या जेमतेम ४० किलोमीटर. पण बोलोन्याचा फूट ३८ सेंटिमीटरचा आणि मोदेनाचा ५२ च्याही वर. परगावचा व्यापारी बाजारात आला की कुठला फूट लावील, कोण सांगणार? म्हणून शहराने आपलं माप सगळ्यांसमोर दगडात कोरून ठेवलं. भिंत काही कुणाला खिशात घालून नेता येत नाही, की कानशीने घासता येत नाही. बोलोन्यातही नगरपालिकेच्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर अशीच मापं आहेत. १८६१ मध्ये इटलीत मीटर-किलो आले, तरी ती कुणी खरवडून काढली नाहीत.

तिथे उभी असताना मला आई आठवली. दशमान मापं कायद्याने आली होती, तरी आमच्या गावात मापटं-चिपटं चालूच होतं. वाण्याकडून आणलेले तांदूळ आई घरच्या मापट्याने पुन्हा मोजायची. दर वेळी मूठभर कमी. एकदा ती मापटं घेऊनच दुकानात गेली. वाणी म्हणाला, ‘‘वहिनी, तुमचं मापटंच मोठं आहे.’’ ओट्यावरची चार माणसं हसली. आई काही न बोलता परतली. मी तिचा पदर धरून होते. खरं मापटं कुणाचं, हे दाखवायला आमच्या गावात भिंत नव्हती.

चौकातच, नगरपालिकेच्या कोपऱ्यावर, एका बाईचा छोटासा पुतळा उभा आहे. ‘बोनिस्सिमा’, म्हणजे अतिशय चांगली. तो १२६८ सालचा, आणि आधी वजनं-मापं तपासणाऱ्या कचेरीपाशी होता. लोक मात्र सांगतात, की ही एक श्रीमंत बाई, दुष्काळात तिने गरिबांना जेवू घातलं. मला दोन्ही पटतं. पोटाला घालणारी बाई मापाला चोख असतेच.

जवळच तीनेक मीटर लांबीची मोठी शिळा आहे. तिच्यावर उभं राहून भाषणं व्हायची, आणि कर्ज बुडवणाऱ्यांची फजितीही तिथेच. असा एक दगड आम्ही दोन दिवस आधी पादुआला, ‘पालाझ्झो देल्ला राजोने’च्या ८१ मीटर लांब सभागृहात पाहिला होता. गोव्या-वसईच्या ख्रिस्ती घरांत ज्यांचं नाव घेतात, त्या संत अँथनींच्या आग्रहावरून १२३१ मध्ये पादुआने कायदा केला, की मालमत्ता सोडून देणाऱ्या कर्जदाराला कैदेत टाकायचं नाही. त्याने फक्त आतल्या कपड्यांवर, सगळ्यांदेखत, त्या काळ्या दगडावर तीनदा बसायचं आणि मालमत्ता सोडल्याचं मोठ्याने सांगायचं. हे म्हणाले, ‘‘असा दगड आपल्याकडे हवा.’’ मी म्हटलं, ‘‘बसायला येणार ते लहान कर्जदारच. मोठ्यांना कोण आणणार?’’ त्याच सभागृहाच्या खाली आजही बाजार भरतो. मटण, चीज, सगळं.

मोदेनाचा बाजार चौकामागेच. १९३१ साली बांधलेली मंडई. लोखंडी खांब, मधोमध परडी घेतलेल्या मुलीचा पुतळा. हे मनोरा उतरून तिथेच भेटले, पायऱ्या मोजून आलेले. जूनचे दिवस, चेरीचे ढीग लागलेले. अर्धा किलो मागितल्या. विक्रेती साठीची, माझ्याच वयाची. सवयीने माझी नजर काट्यावर गेली. तिच्या ते ध्यानात आलं असावं. तिने काही न बोलता काटा माझ्याकडे वळवला, आकडा दिसेपर्यंत थांबली, आणि मग वर चार चेऱ्या टाकल्या.