विश्लेषण : राज्याची सीमा ओलांडल्यावर पीएफ, ईएसआय, रेशन आणि करांचे काय होते?

गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट, तर पूर्वेला छत्तीसगड. आमगाव, सालेकसा, देवरी भागातील माणसाला डोंगरगड, राजनांदगाव नागपूरपेक्षा जवळ पडते. घर एका राज्यात आणि काम दुसऱ्या राज्यात असेल, तर कर कुठे भरायचा आणि म्हातारपणाची पेन्शन, दवाखाना, रेशन यांचा हक्क कुठे सांगायचा, हा प्रश्न येतोच.

कर कोणत्या राज्याचा?

आयकर केंद्राचा आहे. त्यामुळे राज्य बदलले तरी दर तेच राहतात. वर्षाच्या मधेच नोकरी बदलली, तर आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या मालकाला कळवावा. नाहीतर विवरणपत्र भरताना थकबाकी निघू शकते.

व्यवसाय कर मात्र राज्याचा. नोकरदाराला तो घर कुठे आहे यावर नव्हे, तर काम कुठे आहे यावर लागतो. महाराष्ट्रात महिना १० हजारांहून अधिक पगारावर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर सूट आहे. मध्य प्रदेशातही हा कर आहे, पण टप्पे वेगळे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार कोणत्याही राज्याला वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही.

पीएफचे खाते बदलते का?

नाही. १२ अंकी यूएएन देशभर एकच असतो. खरा तोटा होतो तो नोकरी सोडताच पैसे काढून घेतल्याने किंवा प्रत्येक ठिकाणी नवा यूएएन निघाल्याने. ईपीएफ पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. समजा, एखाद्याने राजनांदगावात ४, बालाघाटला ३ आणि नागपुरात ३ वर्षे काम केले. सेवा जोडलेली असेल तर तो पेन्शनला पात्र ठरतो. मधेच पेन्शनची रक्कम काढली असेल, तर ती वर्षे हिशेबातून जातात. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून घेता येते.

दवाखाना कुठला?

१० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होते. कामगार ०.७५ टक्के, तर मालक ३.२५ टक्के वर्गणी भरतो. कामगार भिलाईला आणि कुटुंब गोंदियात असेल, तर कुटुंबासाठी वेगळा दवाखाना नोंदवता येतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. सतत ठिकाण बदलणारे कामगार इथेच मागे पडतात.

रेशनचे काय?

‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातील धान्य कोणत्याही राज्यातील रेशन दुकानात अंगठा लावून मिळते. काही धान्य कामाच्या गावी आणि उरलेले घरच्यांना, असेही घेता येते. राज्याने स्वतःच्या तिजोरीतून दिलेला जादा लाभ मात्र सोबत येत नाही.

नव्या कामगार संहितांनी काय बदलले?

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारामार्फत गेलेलेच मोजले जात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितांमध्ये स्वतःहून परराज्यात गेलेला, महिना १८ हजारांपर्यंत वेतन असलेला कामगारही आला. बांधकाम मजूर दुसऱ्या राज्यात गेला, तर तो सध्या काम करतो त्या राज्याच्या कल्याण निधीतून लाभ मिळण्याची तरतूदही त्यात आहे.

मग अडते कुठे?

राज्यांच्या योजना सीमेवरच थांबतात. महाराष्ट्रातील ‘लाडकी बहीण’, मध्य प्रदेशातील ‘लाडली बहना’ आणि छत्तीसगडमधील ‘महतारी वंदन’ या योजनांना त्या त्या राज्यातील रहिवास लागतो. त्याहून मोठी अडचण नोंदीची आहे. २० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पीएफ सहसा लागू होत नाही आणि रोजंदारीवर हजेरीचा कागदच नसतो. बांधकाम मजुराला कल्याण मंडळात नोंदणीसाठी मागील वर्षातील ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र लागते. ते गाव सोडण्यापूर्वीच ठेकेदाराकडून मागून घेतलेले बरे.

कामावर रुजू होतानाच जुना यूएएन आणि ईएसआय विमा क्रमांक मालकाला द्यावा. पगारातून पीएफ कापला जात असेल, तर तो खात्यात जमा होतो का, हे दर महिन्याला मोबाइलवर पासबुकात पाहता येते. असंघटित कामगारांनी ई-श्रमवर नोंद करून स्थलांतराची माहितीही भरावी.