लाल झाली, पण वास कुठाय?

आज फवारणीचं नाही, वासाचं बोलायचंय.

काल संकलन केंद्रावर स्ट्रॉबेरीचा एक क्रेट उघडला. फळ टपोरं, रंग झकास, वास मात्र नाहीच. आपण वाणाला दोष देऊन मोकळे होतो. वाणाचा वाटा आहेच. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कामारोसा यांचा वास सारखा नसतो. पण वास देणारी द्रव्यं, म्हणजे फळाचा गोड वास देणारी एस्टर आणि भाजल्या साखरेसारखं वास मारणारं फ्युरेनिऑल, अगदी शेवटी भरतात, फळ रोपावर पूर्ण पिकताना. आपण तोडतो पाऊण रंगावर. पुढे क्रेटमध्ये रंग चढतो, गोडी वाढत नाही.

त्यात फळं लागल्यावरही नत्राचा मारा आणि तोडणीच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी! वजन मिळतं, कबूल. चव पातळ होते.

लांबच्या गाडीला कडक फळच लागतं, तिथे माझा वाद नाही. पण पाचगणी रस्त्यावर पर्यटक त्याच दिवशी खातो, त्यालाही तेच फळ का? २०१० साली मिळालेलं भौगोलिक मानांकन नुसत्या रंगावर किती दिवस चालवणार?

माझ्या मते कंपनीने पूर्ण पिकलेल्या फळाला वेगळा दर द्यावा. संचालकांच्या कानावर घातलंय. तोवर एक बेड पूर्ण लाल होऊ द्या, सकाळच्या गारव्यात तोडा, सावलीत ठेवा. घरच्या पोरांपुढे दोन्ही फळं ठेवा. आधी कुठली वाटी रिकामी झाली, ते मला कळवा.