नेमलेल्या पुस्तकाबाहेरचं संगीत

मैत्रिणींनो, आपण शाळा-कॉलेजात इतक्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, त्यातली एखादी नंतर कुणी हौसेने काढून वाचली आहे का? माझ्या बी.कॉम.च्या कॉस्टिंगच्या पेपरची तर आठवणही नको. पण इंग्लंडमध्ये संगीताचा एक असा प्रकार आहे, ज्यातल्या उत्तमोत्तम रचना प्रश्नपत्रिका म्हणूनच जन्माला आल्या. तो प्रकार म्हणजे ब्रास बँड. या रचना परीक्षेच्या खोलीतून बाहेर काढून नुसत्या ऐकायला ठेवणारा एक महोत्सव मँचेस्टरला भरतो, आणि मला त्याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत.

मुलगी तिकडे असते. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे होते, तेव्हा ऑक्सफर्ड रोडवरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आम्ही हा 'फेस्टिव्हल ऑफ ब्रास' ऐकला. तो जानेवारीच्या अखेरीस शनिवार-रविवारला धरून असतो. जावई म्हणाले, "आई, बँड ऐकायला तिकीट काढायचं?" त्यांचंही खरं होतं. आपल्याकडे बँड ऐकायला कुणी जात नाही, बँडच आपल्या दारावरून जातो.

आधी हा बँड कसा असतो ते सांगते. साधारण पंचवीस वादक, सगळी पितळी वाद्यं, शिवाय दोन-तीन जण तालवाद्यांवर. ट्रम्पेट नाही, क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. ट्रम्पेटच्या जागी कॉर्नेट, तेही दहा. मग फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि मागे चार मोठाले बास. गंमत अशी की बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांची स्वरलिपी एकाच पद्धतीने लिहितात. त्यामुळे कॉर्नेट शिकलेला मुलगा उद्या टेनर हॉर्नवर बसला तरी त्याला नवं वाचन शिकावं लागत नाही. दिवसभर गिरणीत किंवा खाणीत राबून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसांसाठी ही फार शहाणपणाची सोय होती. आवाजाचं म्हणाल, तर तो वरातीतल्यासारखा कानावर आदळत नाही. घट्ट, गोलसर, उबदार असतो. मी कानाला मफलर गुंडाळून गेले होते, तो काढून ठेवला.

माझी कॉमर्सची खोड, कोणतीही गोष्ट पाहिली की याचा खर्च कोण करतं हे आधी मनात येतं. इथे त्याचं उत्तर बँडच्या नावातच मिळतं. ब्लॅक डाइक हे क्वीन्सबरीच्या कापड गिरणीचं नाव; गिरणीचे मालक जॉन फॉस्टर यांनी १८५५ मध्ये बँडला आपल्या पंखाखाली घेतलं. फोडन्स म्हणजे लॉऱ्या बनवणारे. फेअरी म्हणजे विमानांचा कारखाना. ग्राइमथॉर्प म्हणजे कोळशाची खाण. ब्राइगहाउस अँड रॅस्ट्रिकला मात्र कुणी मालक नव्हता, तो लोकांच्या वर्गणीवर चालला. अनेक गावच्या बँडनी वाद्यं हप्त्यांनी घेतली आणि स्पर्धेतल्या बक्षिसांवर ते हप्ते फेडले. म्हणजे स्पर्धा ही नुसती हौस नव्हती, जमाखर्चाच्या वहीतली जमेची बाजू होती.

आता ही स्पर्धा कशी चालते ते ऐका. सगळ्या बँडना एकच रचना नेमून दिलेली असते. तिला 'टेस्ट पीस' म्हणतात. परीक्षकांना पडदे लावलेल्या खोक्यात बसवतात, म्हणजे कोण वाजवतंय हे त्यांना दिसू नये. मोठ्या स्पर्धेत अठरा-वीस बँड असतात. तीच रचना दिवसभरात अठरा-वीस वेळा! श्रोते पुढे स्वरलिपी उघडून कोणाचा सूर कुठे सरकला यावर खुणा करतात. मी कल्पना करून पाहिली, की आपल्या आवडीचं एखादं नाट्यगीत सकाळपासून वीस जणांच्या तोंडून ऐकलं, तर संध्याकाळी त्यात ऐकायला काय उरेल? फक्त चुका.

आणि या प्रश्नपत्रिका काढणारी माणसं कोण होती पाहा. १९१३ पर्यंत स्पर्धेला बहुतेक ऑपेरांतल्या तुकड्यांची जोडाजोड वाजवत. त्या वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचर यांनी 'लेबर अँड लव्ह' ही खास बँडसाठीची रचना केली आणि वाट मोकळी झाली. १९२८ मध्ये गुस्ताव होल्स्ट यांची 'अ मूरसाइड स्वीट' आली. १९३० मध्ये एल्गार यांची 'सेव्हर्न स्वीट', तीही नाटककार बर्नार्ड शॉ यांना अर्पण केलेली. त्या वेळी एल्गार सत्तरी ओलांडलेले, मानमरातब सगळे मिळालेले. तरी कामगारांच्या स्पर्धेसाठी लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही. मग जॉन आयर्लंड, हर्बर्ट हॉवेल्स, आर्थर ब्लिस. एवढी मोठी माणसं, आणि काम काय, तर पेपर काढणं.

होल्स्ट यांच्याविषयी थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते आपल्याला परके नाहीत. या गृहस्थांनी संस्कृतचे धडे घेतले, ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली दिल्या, सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिला. लहानपणी दम्यासाठी बरं म्हणून वडिलांनी त्यांच्या हाती ट्रॉम्बोन दिला होता, आणि पुढे काही वर्षं त्यांनी तो वाजवून पोट भरलं. पितळेच्या वाद्यात फुंकर मारताना छातीला काय लागतं हे त्यांना ठाऊक होतं. 'मूरसाइड'मधला मधला संथ भाग ऐकताना ते जाणवतं. त्यात कुणाला पाडायचा डाव नाही.

महोत्सवात हाच फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. बक्षीस नाही, क्रमांक नाही, पडद्याआड कोणी बसलेलं नाही. एक रचना एकदाच वाजते आणि संपते. ती कोणाची, हे कार्यक्रमपत्रिकेत बँडच्या नावाइतकंच ठळक छापलेलं असतं. रचनाकार हयात असेल आणि सभागृहात असेल, तर लोक मागे वळून त्याच्याकडे पाहून टाळ्या वाजवतात. माझं मत साफ आहे, की ब्रास बँडच्या संगीताला स्पर्धेपेक्षा अशा महोत्सवांची गरज आज जास्त आहे.

मुलीच्या शेजारचे एक गृहस्थ, पंचाहत्तरीच्या पुढचे, उमेदीत कॉर्नेट वाजवायचे. त्यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, स्पर्धा नसती तर मंगळवारच्या बर्फात तालमीला आलं कोण असतं? आणि स्पर्धा नसती तर एल्गारला विचारायला गेलं कोण असतं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि देण्याचा आवही मी आणत नाही. हिशेबाने पाहिलं तरी त्यांचीच बाजू भक्कम आहे. टेस्ट पीस म्हणजे नेमलेलं पाठ्यपुस्तक. ती ज्यांना वाजवायची ते सगळे बँड तिच्या प्रती विकत घेणार. रचनाकाराला याहून खात्रीचं गिऱ्हाईक कुठलं?

पण पाठ्यपुस्तकाचं दुसरं टोकही आपल्याला माहीत आहे. जे नेमलं जात नाही ते छापलंही जात नाही, आणि नेमण्याचा अधिकार चार माणसांच्या हाती असतो. विल्फ्रेड हीटन हे शेफील्डचे, साल्व्हेशन आर्मीच्या बँडच्या वातावरणात वाढलेले. त्यांनी १९७३ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी एक रचना केली. नाव साधंच, 'कॉन्टेस्ट म्युझिक'. ती नाकारली गेली. नऊ वर्षांनी, १९८२ मध्ये, तीच रचना त्याच स्पर्धेला नेमली गेली आणि आज ती बँडच्या उत्तम रचनांत गणली जाते. नावातच स्पर्धा असलेल्या रचनेला स्पर्धेने नऊ वर्षं दाराबाहेर उभं केलं! अशांना दार उघडं असावं म्हणून तरी बक्षीस नसलेले दोन दिवस हवेत. शेजारच्या आजोबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, शेवटी नेमली ना? आमचा चहा तिथेच थंड झाला.

ज्या वर्षी हीटन यांना नकार मिळाला त्याच १९७३ मध्ये हॅरिसन बर्टविसल यांनी ग्राइमथॉर्पच्या बँडसाठी 'ग्राइमथॉर्प आरिया' लिहिली. त्यामागे होते एल्गर हॉवर्थ, स्वतः बँडच्या घरातले, बर्टविसल यांचे मँचेस्टरमधले विद्यार्थीदशेपासूनचे मित्र. मला ती ऐकायला जड गेली, खोटं कशाला बोलू. चाल हाती लागत नाही. काळोखात खूप खोल उतरत गेल्यासारखं वाटतं. पण खाणकामगारांच्या बँडकडून दुसरं काय ऐकायची अपेक्षा करायची? नेहमी गोडच का? ग्राइमथॉर्पची खाण १९९३ मध्ये बंद झाली. त्याआधीच्या ऑक्टोबरात, खाणी बंद करण्याची घोषणा झाली त्याच आठवड्यात, या बँडने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्यावरून सुचलेला 'ब्रास्ड ऑफ' हा १९९६ चा सिनेमा जमला तर पाहा. खाण गेली, बँड राहिला, आणि तेच नाव लावून तो आजही वाजवतो.

महोत्सवाबद्दल माझी एक तक्रारही आहे. मी ऐकलं त्या दोन दिवसांत मान होता तो मोठ्या, वीस-वीस मिनिटांच्या रचनांना. चालत वाजवायचे मार्च आले ते शेवटी, टाळ्यांच्या उत्तरादाखल, निरोपाच्या विड्यासारखे. हे मला खटकलं. जॉर्ज ॲलन हे न्यू शिल्डनचे, रेल्वेच्या वाघिणींच्या कारखान्यात काम करणारे. त्यांनी 'नाइट टेम्प्लर'सारखे मार्च लिहिले. आजही व्हिट फ्रायडेला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या त्या शुक्रवारी, सॅडलवर्थच्या डोंगरातल्या गावांमधून बसने फिरत बँड असेच मार्च वाजवतात. संगीतकारांचा सन्मान करायचा, तर संगीत महाविद्यालयात शिकलेल्यांच्या पंगतीतच या कामगारालाही पान मांडायला हवं. तीन मिनिटांत पंचवीस माणसांची पावलं आणि श्वास एकत्र बांधणं, हे वीस मिनिटांच्या रचनेहून सोपं असतं असं मला वाटत नाही. चार जणांच्या जेवणापेक्षा नुसतं वरण-भात चांगला करणं कधीकधी अवघड असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

परत आल्यावर इथे आमच्या रथोत्सवात बँड पुढे होता. स्तवनाची चाल वाजत होती. मी पहिल्यांदाच जवळ जाऊन कॉर्नेट वाजवणाऱ्याला विचारलं, की ही बँडसाठी कोणी बसवली? तो म्हणाला, "आमच्या मास्तरांनी." मास्तरांचं नाव बाजूच्या दोघांना विचारून मग त्याने सांगितलं. मी ते घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. आपल्या बँडवाल्यांना आपण तासावर ठरवतो, पैशाची घासाघीस करतो, आणि नंतर कोट वाळत घातलेले दिसले तरी ओळख देत नाही. त्यांच्यातही कुणीतरी बसून हे सगळे सूर वाटून देतो: हा तुझा, हा तुझा. त्याला आपण संगीतकार म्हणत नाही.

तुम्हाला ऐकावंसं वाटलं, तर सुरुवात 'मूरसाइड'च्या मधल्या भागाने करा. त्याचं नाव 'नॉक्टर्न'. दुपारी घर शांत झालं की लावा, कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळी नको, कारण त्याची सुरुवात अगदी हळू आहे. मग लगेच ॲलन यांचा 'नाइट टेम्प्लर' लावा. 'ग्राइमथॉर्प आरिया' दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, आणि ऐकून काय वाटलं ते मला नक्की कळवा.