मतांची उचल घेतली, हिशेब कोण मागणार?



पाडव्याला सालगडी ठरतो. उचल किती, धान्य किती, काम कोणते, सारी बोली चार माणसांसमोर होते. उचल घेऊन गडी आठ दिवस फिरकला नाही, तर आपण त्याच्या दारात उभे राहतो. आमदार-खासदार मतांची उचल घेऊन पाच वर्षे फिरकत नाहीत. त्यांच्या दारात कोण जातो?

कायदा आपल्यासाठी जाईल, या भरवशावर राहू नका. जाहीरनाम्यातले आश्वासन हा निवडणूक कायद्याखालचा भ्रष्टाचार ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. त्यानंतर निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले, पैसा कोठून आणणार तेही सांगा. पण निवडणूक संपली की आचारसंहिता उठते. आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची सोयही नाही.

आपली पोरे आज ज्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात कंत्राटावर राबतात, तेथलीच गोष्ट घ्या. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. जमिनी गेल्या. १९८४ नंतर जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के परतावा, आधीच्यांना मात्र नुसते आश्वासन. दर निवडणुकीला तेच भाषण. २०२१ साली प्राधिकरणच विसर्जित झाले, आश्वासन मात्र शिल्लक राहिले! मंत्रिमंडळाने त्याला हात घातला तो २०२४ साली, ऐन निवडणुकांच्या वर्षात. आश्वासनाला तारीख नव्हती, म्हणून दोन पिढ्या गेल्या.

कापूस-ज्वारीचे तसेच. २०१४ साली खर्चावर पन्नास टक्के नफ्याचे वचन मिळाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, हे जमणार नाही. २०१८ साली म्हणाले, वचन पाळले! खर्चात बी-खत, मजुरी, घरच्यांचे श्रम धरले. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज गाळले. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये हमीभाव याच हिशेबातून निघाला. आश्वासनात खर्चाची व्याख्या नव्हती, म्हणून मापच बदलले.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला कर्जमाफीचे वचन दिले. मार्च २०२५ मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी सांगितले, ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी नागपूरला रस्त्यावर बसले, तेव्हा कोठे मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ पर्यंत निर्णय करण्याचे कबूल केले.

धडा सरळ आहे. मताने शब्द मिळतो, तारीख मिळते ती संघटित रेट्याने. १९८० साली कांद्याच्या भावासाठी याच चाकणला शेतकरी रस्त्यावर बसले, ते निवडणुकीची वाट पाहत थांबले नव्हते.

तेव्हा गावोगाव एक वही घाला. कोण, कोणत्या सभेत, काय बोलला ते लिहा. पुढे तीन रकाने आखा : तारीख, रक्कम, व्याख्या. दर ग्रामसभेत वही मोठ्याने वाचा. 'काम झाले' असे कोणी म्हणाले, तर शासन निर्णयाचा क्रमांक मागा. तो सांगितला नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. वहीत आपल्या जवळच्या पुढाऱ्याचे पान कोरे ठेवू नका. आपल्या माणसाला सूट दिली की वही बुडाली.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही बरोबर आणा.